शेतात सापडलेलं झिजकं अमेरिकन तांब्याचं नाणं: साल शेवटी बघा, वजन आधी करा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पेनसिल्वेनियात लँकेस्टरच्या बाजूला, मालकाची परवानगी काढून, एका मक्याच्या शेतात मेटल डिटेक्टर फिरवताना सहा-सात इंचांवर तांब्याची एक गोल चकती निघाली. व्यास साधारण २८ मि.मी., रंग काळपट हिरवा, कड गुळगुळीत. एका बाजूला उजवीकडे तोंड केलेला चेहरा असावा असं वाटतं. मागे पानांची माळ आहे की बसलेली आकृती, ते ठरत नाही. साल दिसत नाही. हे अमेरिकन आहे का, कुठल्या काळातलं, आणि भारतातून आलेली आई म्हणते तसं चिंच-मिठानं घासलं तर साल दिसेल का?

चिंचेचं उत्तर सगळ्यात आधी, कारण बाकीचं सावकाश वाचता येईल. घासू नका. देवघरातला तांब्या चिंचेनं लखलखतो, कारण आम्ल वरचा ऑक्साइडचा थर खाऊन टाकतं आणि खालचं ताजं तांबं उघडं पडतं. तांब्यावर काही कोरलेलं नसतं, त्यामुळे बिघडत काहीच नाही. जमिनीत दोनशे वर्षं राहिलेल्या नाण्याचं गणित उलटं आहे. मूळ धातूचा पृष्ठभाग केव्हाच गेलेला असतो, आणि चेहऱ्याचे, अक्षरांचे जे काही उंचवटे उरलेत ते त्या काळ्या-तपकिरी थरातच उरलेले असतात. तो थर गेला की खाली असते ती खड्डे पडलेली, गुलाबी, मुकी चकती. लिंबू, व्हिनेगर, टोमॅटो सॉस, राख, तारेचा ब्रश, टूथपेस्ट यांचं सगळ्यांचं फळ तेच.

आता ओळख. नवशिके सगळे आधी साल शोधतात आणि तिथेच अडकतात. शेतातल्या तांब्यावर साल बहुतेक वेळा सगळ्यात आधी जातं, कारण ते कडेजवळ, बारीक आणि कमी उठावाचं असतं. म्हणून उलट्या क्रमानं चालायचं: व्यास, वजन, कड, चेहऱ्याची दिशा, मागच्या बाजूची मांडणी, आणि सगळ्यात शेवटी साल. पहिल्या पाच गोष्टी नीट झाल्या की सालाचे दोन आकडे आपोआप ठरतात आणि उरलेले दोन कुठे शोधायचे तेही कळतं.

व्यास मोजायला प्लॅस्टिकचा कॅलिपर घ्या, स्टीलचा कडेवर ओरखडा काढतो. तीन ठिकाणी मोजा. हातानं पाडलेली जुनी नाणी बरोबर गोल नसतात, एका बाजूनं २७.५ आणि दुसरीकडून २८.५ भरलं तर तीसुद्धा खूणच आहे. वजनासाठी ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा हवा. माती चिकटलेली असेल तर आधी दोन दिवस सुकू द्या, नाहीतर अर्धा-पाऊण ग्रॅम मातीचाच येतो.

अमेरिकेच्या सरकारी टांकसाळीचं मोठं तांब्याचं नाणं, ज्याला सगळे लार्ज सेंट म्हणतात, ते १७९३ ते १८५७ या काळातलं. सुरुवातीचं वजन १३.४८ ग्रॅम होतं. तांबं महागलं म्हणून १७९५च्या अखेरीस ते १०.८९ ग्रॅमवर आणलं आणि शेवटपर्यंत तेच राहिलं. व्यास प्रकारानुसार सव्वीस ते एकोणतीस मि.मी. जमिनीत वजन घटतं. शेतातला लार्ज सेंट १० ते १०.६ ग्रॅम भरला तर तब्येत चांगली, साडेनऊ भरला तरी शंका घ्यायचं कारण नाही. पण साडेआठच्या खाली गेला तर तो लार्ज सेंट नसावा असं धरून पुढे जा. अर्धा सेंट, म्हणजे हाफ सेंट, याच काळातला पण २३.५ मि.मी. आणि ५.४४ ग्रॅमचा, त्यामुळे तुमच्या बाबतीत तो बाद. २५.४ मि.मी. भरलं असतं तर कॅनडाचा मोठा सेंट आधी तपासायला लागला असता, १८५८ ते १९२० मधला. सीमेलगतच्या राज्यांत तो सर्रास निघतो आणि व्हिक्टोरिया राणीच्या चेहऱ्याला लोक लिबर्टी, म्हणजे अमेरिकन नाण्यांवरची स्वातंत्र्यदेवी, समजतात.

कड गुळगुळीत आहे हे तुम्ही सांगितलंत, तरी एकदा भिंगाखाली पूर्ण फिरवून बघा. १७९३ ते १७९५ मधल्या जाड सेंटांच्या कडेवर ‘वन हंड्रेड फॉर अ डॉलर’ अशी अक्षरं असत, आणि १७९३च्या अगदी पहिल्या नाण्यांच्या कडेवर वेल आणि पट्ट्या. त्यातलं एखादं अक्षर जरी सापडलं तर बाकी सगळं बाजूला ठेवून नाणं तसंच जाणकाराकडे न्यायचं. साखळीचं चित्र असलेले पहिले सेंट १७९३च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियात पाडले गेले आणि ते ३६,१०३ एवढेच होते. शेतातून असं नाणं निघणं म्हणजे लॉटरीच. पण तपासायला अर्धं मिनिट लागतं.

चेहरा बघण्यासाठी उजेड हाच खरा औजार आहे. खोली काळोखी करा. नाणं एका उपड्या वाटीवर ठेवा आणि मोबाइलची बॅटरी जवळजवळ टेबलाला टेकवून, नाण्याच्या कडेकडून आडवी मारा. वरून पडणारा उजेड सगळं सपाट करतो. आडव्या उजेडात एका केसाएवढ्या उंचवट्याचीही सावली पडते. बॅटरी स्थिर ठेवून वाटी हळूहळू फिरवा. चेहऱ्याची कड एका कोनातून दिसेल, अक्षरं दुसऱ्याच कोनातून. आठ-दहा कोनांतून फोटो काढा आणि मग काळे-पांढरे करून एकामागून एक बघा. एकाच फोटोत सगळं दिसेल ही आशा सोडा. नाणं पाण्यानं नुसतं ओलं केलं तरी रंगातला फरक उठतो, काही वेळा उंचवटा संपलेला असला तरी अक्षराच्या जागी गडद डाग उरलेला असतो आणि तो ओल्यावरच दिसतो. कागद ठेवून पेन्सिल फिरवणं किंवा अॅल्युमिनियमचा कागद दाबून ठसा घेणं मात्र अशा नाण्यावर नको, खपली त्या कागदाबरोबर निघून येते.

आता छापा. चेहरा उजवीकडे बघतोय, हे खरं असेल तर अर्धं काम झालं. सरकारी लार्ज सेंटांमध्ये उजवीकडे बघणारे म्हणजे १७९३ ते १८०७ मधले: पहिली मोकळ्या केसांची लिबर्टी, मग टोपीवाली लिबर्टी कॅप, आणि १७९६ ते १८०७ ची ड्रेप्ड बस्ट, म्हणजे छातीवर वस्त्र घेतलेली. १८०८ पासून १८५७ पर्यंतच्या सगळ्या लिबर्टी डावीकडे बघतात. म्हणजे नुसत्या नाकाच्या दिशेवरून पन्नास वर्षांचा पट्टा गळून पडतो. कड कोरी असल्यामुळे १७९५च्या आधीचेही गळाले. उरले ते ड्रेप्ड बस्ट आणि १७९५–९६ मधले थोडे लिबर्टी कॅप.

पण थांबा, उजवीकडे बघणारे आणखी दोघं आहेत आणि लँकेस्टरच्या शेतात ते तेवढेच संभवतात. एक, इंग्लंडच्या तिसऱ्या जॉर्जचा अर्धा पेनी. त्याचे सुरुवातीचे अस्सल तांब्याचे अर्धे पेनी १७७० ते १७७५ मधले, व्यास २८ ते ३० मि.मी., वजन कागदोपत्री ९.९ ग्रॅमच्या आसपास. त्याच्या आधीचा दुसरा जॉर्ज मात्र डावीकडे बघतो. दुसरा उमेदवार, कनेक्टिकट राज्यानं १७८५ ते १७८८ मध्ये चालवलेलं तांब्याचं नाणं. ते मुळातच इंग्लिश अर्ध्या पेनीची नक्कल असल्यासारखं आहे, चेहरा काहींवर उजवीकडे तर काहींवर डावीकडे. संघराज्याची टांकसाळ १७९२च्या कायद्यानं आली, तोवर वसाहतींत आणि नंतरच्या राज्यांत सुट्ट्याची कायम टंचाई होती. जे गोल, तांब्याचं आणि त्या आकाराचं असेल ते चालायचं. खोटे अर्धे पेनी तर भरमसाट होते, आणि ते हलके असत: सहा, सात, साडेसात ग्रॅम.

म्हणून तुमच्या नाण्याचं वजन हा निवाडा अर्धा करून टाकेल. १० ग्रॅमच्या वर भरलं तर ड्रेप्ड बस्टकडे झुका. साडेआठ ते दहाच्या मध्ये भरलं तर तिघंही शर्यतीत. साडेआठच्या खाली भरलं तर खोटा अर्धा पेनी किंवा हलकं कनेक्टिकट.

तिघांना वेगळं करणारी पक्की खूण चेहऱ्यात नाही, चेहऱ्यासमोरच्या रिकाम्या जागेत आहे. ड्रेप्ड बस्ट सेंटवर ‘लिबर्टी’ हा शब्द डोक्याच्या वर असतो, साल छातीखाली, आणि नाकासमोरची तसंच मानेमागची जागा पूर्ण कोरी असते. ना अक्षर, ना तारा. तिसऱ्या जॉर्जच्या नाण्यावर अक्षरं चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंनी कमानीसारखी चढतात: मागे ‘जॉर्जियस’, पुढे ‘तिसरा, राजा’ या अर्थाची लॅटिन अक्षरं. कनेक्टिकटवर मागे ‘ऑक्टोरी’ आणि पुढे ‘कॉनेक’. तेव्हा आडव्या उजेडात नाकासमोर, कडेपासून दोन मि.मी. आत बघा. तिथे उभ्या काड्यांसारखं काहीही असेल तर ते अमेरिकन सरकारी नाणं नाही. लिबर्टी कॅप असेल तर अक्षरं वरच, पण डोक्यामागे काठीवर टोपी असते आणि त्या काठीची तिरकी रेघ खांद्याकडे येते.

मग काटा. इथे बसलेली आकृती की माळ या तुमच्या प्रश्नावर एक हमखास उपाय आहे: आकृती शोधू नका, खालची रेघ शोधा. इंग्लिश अर्ध्या पेनीवर आणि कनेक्टिकटवर बसलेल्या बाईच्या पायाखाली, नाण्याच्या खालच्या पाचव्या भागात, एक सरळ आडवी रेघ असते आणि तिच्याखाली साल. ही रेघ अक्षरं पुसली गेल्यावरही टिकते. लार्ज सेंटच्या मागच्या बाजूला अशी रेघ नसते. तिथे मधोमध दोन ओळींत ‘वन’ आणि ‘सेंट’, भोवती दोन फांद्यांची माळ, बाहेर ‘युनायटेड स्टेट्स ऑफ अमेरिका’. झिजलेल्या ड्रेप्ड बस्टवर अक्षरं वाचता येत नसली तरी मधोमध दोन आडवे धूसर पट्टे एकावर एक उरलेले दिसतात. खाली फितीची गाठ, आणि माळेच्या तळाशी एकावर शंभर हा अपूर्णांक. माळ वर उघडी आहे का बघा. १८०७ पर्यंत फांद्या वर उघड्या राहतात, १८०८ पासून माळ गोल बंद होते आणि तो अपूर्णांकही जातो.

दिशा चुकू नये म्हणून एक युक्ती. अमेरिकन नाण्यांचा छापा आणि काटा एकमेकांना उलटे असतात. चेहरा सरळ धरा, नाणं डाव्या आणि उजव्या टोकाला चिमटीत पकडून वरचं टोक खाली येईल असं उलटवा, म्हणजे मागची बाजू सरळ यायला हवी. सुरुवातीच्या काळात साचे थोडे फिरलेले असत, त्यामुळे पाच-दहा अंशांचा फरक सोडून द्या. एकदा वर-खाली ठरलं की फितीची गाठ नेमकी कुठे शोधायची ते कळतं, नाहीतर माणूस माळेचं देठ म्हणून कशालाही पकडतो.

साल शेवटी. ड्रेप्ड बस्ट ठरलं असेल तर पहिले दोन आकडे १७ किंवा १८, आणि तिसरा ९ किंवा ०. छातीच्या खाली, अगदी कडेला लागून, फक्त तिसऱ्या आकड्याची जागा तपासा. नऊ असेल तर वरचा गोल बंद आणि खाली शेपूट, शून्य असेल तर दोन्ही बाजू सारख्या. चौथ्या आकड्यासाठी आठवडाभर डोळे फोडण्यात अर्थ नाही, अपवाद फक्त १७९९ चा, ते साल या मालिकेतलं सगळ्यात दुर्मीळ आहे. म्हणूनच १७९८ ला कोरून १७९९ केलेली नाणी बाजारात फिरतात. जमिनीतून स्वतः काढलेल्यावर तो संशय नसतो, पण धूसर ८ ला ९ वाचायचा मोह जबर असतो. आणि १८१५ वाचलंत तर नक्की चुकलात. त्या सालाचा सेंट नाहीच, कारण तयार चकत्या इंग्लंडहून यायच्या आणि १८१२च्या युद्धानं त्या बंद पडल्या.

समजा फोटोत तोंड डावीकडे निघालं. असं होतं, पुसट नाण्यावर केसांचा अंबाडा नाकासारखा दिसतो. मग कोरी जागा आणि तारे बघा. १८०८ ते १८१४ च्या क्लासिक हेडला डाव्या बाजूला सात आणि उजवीकडे सहा तारे, कपाळाला पट्टी. या सालांचं तांबं मऊ म्हणून बदनाम आहे, त्यामुळे ती जमिनीतून बहुधा कोळशासारखी काळी आणि खडबडीत निघतात. १८१६ पासूनच्या मेट्रन हेडवर आणि १८३९ नंतरच्या ब्रेडेड हेअरवर तारे सगळीकडून. तारे म्हणजे झिजलेल्या नाण्यावर कडेलगतचे समान अंतरावरचे ठिपके. तेवढे चार ठिपके ओळीत दिसले तरी साल १८०८ किंवा त्यापुढचं ठरलं.

शेजारचं राज्य न्यू जर्सी, म्हणून त्याचंही नाणं मनात ठेवा: १७८६ ते १७८८, एका बाजूला घोड्याचं डोकं आणि खाली नांगर, दुसरीकडे ढाल. चेहरा समजून घोड्याची मान वाचणारे कमी नाहीत. ढालीच्या उभ्या रेघा बाकी सगळं गेल्यावरही उरतात, त्यामुळे मागच्या बाजूला समांतर उभ्या रेघा दिसल्या की उत्तर झालं. १७८७ च्या फ्युजिओ सेंटवर सूर्यघड्याळ आणि मागे एकमेकांत अडकलेल्या तेरा कड्या. मॅसॅच्युसेट्सच्या १७८७–८८ च्या सेंटवर धनुष्य घेतलेला आदिवासी आणि मागे गरुड. व्हर्जिनियाचा १७७३ चा अर्धा पेनी तिसऱ्या जॉर्जच्याच चेहऱ्याचा, पण आकारानं थोडा लहान आणि मागे बसलेल्या बाईऐवजी राजचिन्हाची ढाल.

आणि हे नाणंच नसेल तर? या आकाराच्या दोन वस्तू हमखास फसवतात. पहिली, जुनं सपाट बटण. मागे मधोमध कडी तुटल्याचा टिंब किंवा वर्तुळाकार डाग असतो आणि वजन तीन-पाच ग्रॅमच. वजन केलंत की हा संशय लगेच मिटतो. दुसरी, १८३३ ते १८४४ मधली खासगी टोकनं, ज्यांना हार्ड टाइम्स टोकन म्हणतात. लार्ज सेंटएवढीच, तांब्याचीच. कासव, गाढव, जहाज अशी चित्रं, आणि काहींवर मागे माळेत ‘नॉट वन सेंट’. ‘नॉट’ पुसलं गेलं की ते हुबेहूब सेंट वाटतं. टोकन निघालं म्हणून हिरमुसू नका, जमवणारे त्यांच्याही मागे असतात. मधोमध दोन भोकं असतील तर ते पोरांचं खेळणं. आपल्याकडे सोडा बाटलीचं बूच ठोकून, दोन भोकं पाडून, दोऱ्यावर भिंगरी करतात ना, तीच भिंगरी तिकडची मुलं मोठ्या सेंटची करत. कडेला दातेही पाडलेले सापडतात.

डिटेक्टरच्या पडद्यावर दिसणाऱ्या आकड्याबद्दल फार बोलण्यासारखं नाही. मोठं तांबं बहुतेक यंत्रांवर चांदीच्या पाव डॉलरच्या आसपास वाजतं, आणि खोलात गेलं, तिरकं बसलं किंवा शेजारी खिळा असला की आकडा हलतो. आकड्यानं खणायचं ठरवावं, ओळखायचं नाही. मात्र पाच सेंटचं निकेल ज्या आकड्यावर वाजतं तिथेच कॅनच्या झाकणाची कडी वाजते, म्हणून कंटाळून निकेल सोडणाऱ्यांच्या पायाखालून जुनी निकेलं राहून जातात.

त्याच शेतात पुढे लहान नाणी निघतील, त्यांची ओळख धातूवरून सोपी आहे. १९ मि.मी. आणि ३.११ ग्रॅमचं तांबूस नाणं म्हणजे लहान सेंट, ज्याला तिकडे पेनीही म्हणतात: इंडियन हेड (१८५९ ते १९०९) किंवा त्यानंतरचा लिंकन. १८६४ च्या आधीचा इंडियन हेड निकेलमिश्रित, जाड आणि ४.६७ ग्रॅमचा. १९४३ चा लिंकन जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाचा, चुंबकाला चिकटतो आणि जमिनीत गंजून फुगतो. १९८२ मध्ये पेनी जस्ताचा झाला, २.५ ग्रॅम, आणि तो जमिनीत वर्षा-दोन वर्षांत कडेनं कुरतडल्यासारखा होतो. असा खाल्लेला पेनी ‘किती जुना’ म्हणून जपून ठेवणारे खूप आहेत. निकेल जमिनीतून लालसर तपकिरी निघतं, कारण त्यात पंचाहत्तर टक्के तांबंच असतं. १९१३ ते १९३८ च्या बफेलो निकेलवरचं साल गुळगुळीत झालेलं असतं. फेरिक क्लोराइडचा थेंब टाकून ते उठवतात. साल वाचता येतं, पण तिथे कायमचा करडा डाग पडतो आणि जमवणाऱ्याच्या लेखी किंमत जाते.

चांदी ओळखायला शिकवावं लागत नाही, ती पांढरीच निघते किंवा फार तर राखाडी. १९६४ पर्यंतचा डाइम, म्हणजे दहा सेंटचं नाणं, १७.९ मि.मी. आणि २.५० ग्रॅम, पाव डॉलर ६.२५, अर्धा १२.५०. ही वजनं १८७३ पासूनची, त्याआधीची किंचित वेगळी. पण तुमच्यासारख्या जुन्या शेतात स्पॅनिश चांदी निघाली तर चकित होऊ नका. मेक्सिकोत पाडलेले रिआल अमेरिकेत १८५७ पर्यंत कायदेशीर चलन होते. दोन रिआल २७ मि.मी. आणि ६.७७ ग्रॅम, एक रिआल त्याच्या निम्म्या वजनाचा. मोठ्या एम अक्षरावर बारीकसा ओ दिसला की मेक्सिकोची टांकसाळ. पाचरीसारखा कापलेला तुकडा निघाला तर तोही टाकू नका, सुट्टे नसले की नाणंच कापून देत.

साफसफाईकडे परत. पहिले तीन-चार दिवस काहीच करायचं नाही. कोरड्या मातीचा थर आपोआप तडकतो आणि बांबूच्या दातकोरणीनं हलकेच उडवता येतो. टोक बोथट करून ओलं करा, धातूची सुई नको. कोरणी नाण्याला काटकोनात न धरता आडवी धरा आणि अक्षरांच्या बाजूनं चालवा, अक्षरांवरून नाही. त्यानंतर डिस्टिल्ड पाण्यात भिजत ठेवा, दोन-तीन दिवसांनी पाणी बदला, हिरवट येणं थांबेपर्यंत. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं आणि तांब्याचा खरा वैरी तोच. शेतातलं तांबं जंगलातल्यापेक्षा जास्त खराब का निघतं त्याचं कारणही हेच: पोटॅश खतात क्लोराइड, नत्रखतात अमोनियम, वर दरवर्षी नांगराचा मार.

नंतर लिक्विड पॅराफिनमध्ये काही आठवडे बुडवून ठेवलं तर कळंक मऊ पडतो. ऑलिव्ह तेलाचा सल्ला खूप मिळेल. ते चालतं, पण त्यातलं सौम्य आम्ल महिनोन्महिन्यांत थर खातं आणि रंग काळवंडतो, म्हणून विसरून जायचं भांडं ते नव्हे. कोमट हायड्रोजन पेरॉक्साइड हा अमेरिकेतल्या खणणाऱ्यांचा आवडता उपाय. फेस येऊन माती सुटते, हे खरं. ज्या नाण्याचा मूळ पृष्ठभाग शाबूत आहे त्यावर तो ठीक, पण तुमच्यासारख्या खपलीवर उरलेल्या नाण्यावर तोच फेस खपलीसकट नाक उचलून नेतो. तुमच्या नाण्यावर वापरू नका. शेवटी पूर्ण सुकल्यावर मायक्रोक्रिस्टलाइन वॅक्सचा अगदी पुसट हात द्या. ओळख मात्र वॅक्सच्या आधी पूर्ण करा, चकाकी आली की आडवा उजेड नीट काम करत नाही.

किंमतीबद्दल सरळ सांगायचं तर शेतातून निघालेला, साल न वाचता येणारा ड्रेप्ड बस्ट सेंट किंवा कनेक्टिकट विकून डिटेक्टरची बॅटरीसुद्धा सुटेलच असं नाही. प्रमाणित करणाऱ्या संस्थांकडे पाठवलं तर ‘पर्यावरणानं खराब’ असा शेरा येतो आणि फी नाण्यापेक्षा जड पडते. पाठवायचं ते फक्त कडेवर अक्षरं सापडली, १७९९ खात्रीनं वाचता आलं, किंवा साच्याचा एखादा दुर्मीळ प्रकार निघाला तर. १७९३ ते १८१४ च्या सेंटांचे साच्यांनुसार शेल्डन क्रमांक असतात, कनेक्टिकटसाठी मिलर आणि न्यू जर्सीसाठी मॅरिस. अक्षर-पानांच्या एकमेकांशी असलेल्या जागांवरून हे क्रमांक ठरतात, त्यामुळे साल गेलेल्या नाण्याचंही साल काही वेळा माळेच्या एका पानावरून निघतं. ते काम मात्र फोटो समोर घेऊन जाणकारानंच करावं.

खणण्याच्या जागेचं नोंदवून ठेवा: शेताचा कोपरा, खोली, त्याच भोकातून आणखी काय आलं. बटणं, मातीच्या चिलमीचे तुकडे आणि हे नाणं एकत्र आलं तर तिथे घर होतं, आणि पुढची नाणी त्याच पाच-पंचवीस फुटांत असतील. परवानगी खासगी जमिनीची, आणि शक्यतो लेखी घ्या. राष्ट्रीय उद्यानांत डिटेक्टर नेणंच गुन्हा आहे, आणि संघराज्याच्या जमिनीवरच्या शंभर वर्षांहून जुन्या पुरातत्त्वीय वस्तूंना १९७९ चा कायदा लागतो. सुट्टीत गावी येताना यंत्र बरोबर आणायचा विचार असेल तर लक्षात घ्या, भारतात १८७८ चा निखात निधी कायदा आजही आहे: जमिनीत सापडलेला ऐवज दहा रुपयांहून अधिक किमतीचा असला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

नाणं ठेवायला मऊ, चिकट वासाची प्लॅस्टिकची पाकिटं नकोत. त्यातल्या पीव्हीसीतून हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं आणि वर्षभरात नाण्यावर हिरवा चिकट थर येतो. आम्लरहित कागदाचं पाकीट किंवा मायलरची, म्हणजे पीव्हीसी नसलेल्या पारदर्शक प्लॅस्टिकची, खिडकी असलेलं पुठ्ठ्याचं घर घ्या, आत सिलिका जेलची पुडी. आणि वजन, नाकासमोरच्या जागेचा एक आडव्या उजेडातला फोटो, मागच्या बाजूच्या खालच्या पाचव्या भागाचा एक फोटो, एवढं द्या. चेहऱ्याचा फोटो नसला तरी चालेल.